मोहाडी, व्हाया डेलावेर

परदेशातल्या दुकानदाराला मोहाडी समजावून सांगण्याचं काम निवांत माणसानंच अंगावर घ्यावं. ऑनलाइन फॉर्मवर गावाचं नाव टाईप केलं की तो आधी विचारतो, 'मोहाली?' नाही बाबा, ते पंजाबात. तिथं क्रिकेटचं मैदान आहे, आमच्याकडे चौंडेश्वरीचं मंदिर आहे. मग जिल्हा टाकावा, भंडारा. तर तो म्हणतो, 'बांद्रा?' पंजाबातून निघून अरबी समुद्राला पाय लागले, तरी माणूस वैनगंगेच्या खोऱ्यात काही पोचत नाही.

फॉर्मची समजूत पटली तरी महाराष्ट्रात मोहाड्या कमी नाहीत. एक नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यात. तिथली द्राक्षं जहाजात बसून युरोपात जातात. एक धुळ्याचं उपनगर. एक जळगावजवळ. दिंडोरीच्या मोहाडीतून द्राक्षांचे कंटेनरच्या कंटेनर बिनबोभाट परदेशी पोचतात आणि भंडाऱ्याच्या मोहाडीत परदेशातून साधी रबराची कडी येत नाही, याला नशीब म्हणायचं की नाव, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

हा घोळ होणार हे एका मराठी माणसानं फार पूर्वी ओळखलं होतं. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतात काव्यं आणि नाटकं लिहीत आणि पोटासाठी दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते. एकाच नावाची गावं, चुकीचे पत्ते आणि अक्षर न लागणाऱ्या लिप्या यांवर उपाय म्हणून त्यांनी सहा आकड्यांचा पिनकोड काढला. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशभर लागू झाला. मोहाडीचा ४४१९०९. पहिल्या चारनं विभाग कळतो, पहिल्या दोन आकड्यांनी विदर्भ, तिसऱ्यानं टपाल छाटणीचा जिल्हा आणि शेवटच्या तिघांनी थेट आमचं पोस्ट ऑफिस. सहा आकड्यांत वेलणकरांनी नाशिक, धुळे आणि जळगावच्या मोहाड्या बाजूला सारून पोस्टमनला आमच्या दारात आणून उभं केलं.

अमेरिकन फॉर्मला मात्र पाचच आकडे चालतात. त्यांचा झिप कोड १९६३ चा, आणि तो मुळात पाच आकड्यांचा. आपण सहावा आकडा दाबतो, फॉर्म तो घेत नाही. शेवटचा नऊ बाहेर राहिला की उरतं ४४१९०. आता ४४१ नं सुरू होणारे पाच आकडे अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहराचे आहेत. त्यामुळे एका दुकानानं माझं अभिनंदन केलं आणि क्लीव्हलँडच्या रहिवाशांना घरपोच सेवा फुकट असल्याचं कळवलं.

'रस्ता आणि घर क्रमांक' या रकान्यानं तर पार पंचाईत होते. आमच्या पत्त्यात रस्ता आहे, पण तो भंडारा-तुमसर रस्ता. त्यावर अर्धा तालुका राहतो. घर क्रमांक घरपट्टीच्या पावतीवर असतो आणि पावती कुठे असते ते फक्त सौभाग्यवतींना ठाऊक असतं. आमचा खरा पत्ता म्हणजे 'मंदिराकडे जाताना पिठाच्या गिरणीच्या पुढं, दारात कडुनिंब आहे ते घर'. हा मजकूर पस्तीस अक्षरांच्या चौकटीत कोंबताना कडुनिंब बाहेर राहतो. आणि कडुनिंब गेला की त्या पत्त्यात राम उरत नाही.

इतका आटापिटा कशासाठी, तर मला पक्षी बघायचा नाद आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. हिवाळ्यात आमच्याकडच्या तळ्यांवर पट्टकादंब हंस उतरतात. हिमालय ओलांडून येतात, वेळेवर येतात, आणि त्यांना येताना कुठे अडकलात म्हणून कधी फोन करावा लागत नाही. त्यांना बघायला माझ्याकडे एक जुनी दुर्बीण आहे. तिच्या डोळ्याला टेकवायच्या बाजूची रबरी कडी फाटली. दोन बोटांच्या चिमटीत मावणारी वस्तू, वजन जेमतेम पंधरा ग्रॅम. हे मॉडेल बंद पडून जमाना झाला, पण अमेरिकेतल्या एका दुकानात ती कडी निघाली. किंमत बारा डॉलर. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'आम्ही भारतात माल पाठवत नाही.'

"सायकलची ट्यूब कापून लावा की," सौभाग्यवती म्हणाल्या. संसारात असे सल्ले ऐकून न ऐकल्यासारखे करावे लागतात. गावातल्या ऑनलाइन कामाच्या सेंटरवरच्या पोरानं मात्र आशेला जागा ठेवली. म्हणाला, "सर जी, फॉरवर्डिंगवाला पाहा ना. तुमाले अमेरिकेचा पत्ता भेटते."

आणि खरंच भेटला. परदेशात गोदाम असलेली कंपनी आपल्याला तिथला पत्ता देते. आपण दुकानदाराला तो पत्ता द्यायचा, माल गोदामात जाणार, तिथून कंपनी तो आपल्याला पाठवणार. अशा बऱ्याच कंपन्यांची गोदामं डेलावेर नावाच्या राज्यात असतात, कारण तिथं विक्रीकर नाही. मोहाडीत ज्याला स्वतःचा घर क्रमांक सांगता येत नाही, त्याला डेलावेरात नावानिशी 'सूट' मिळतो. सूट म्हणजे खोली असावी असं मला वाटलं होतं. तो नुसता आकडा असतो. गोदामातल्या फळीवर आपलं खोकं कुठलं, ते कळायला. तरी मी गावात दोघातिघांना सांगून ठेवलं की अमेरिकेत एक पत्ता केला आहे. शिवाय डेलावेर काही फार मोठं प्रकरण नव्हे. २०२० च्या त्यांच्या जनगणनेत अख्ख्या राज्याची माणसं ९,८९,९४८ भरली. आमच्या भंडारा जिल्ह्याची २०११ मध्येच १२,००,३३४ होती. एवढा मोठा जिल्हा एवढ्याशा राज्याच्या तोंडाकडे बघत बसला आहे, ही गोष्ट मला आजही पटत नाही.

दुकानदारानं माल पाठवला. गोदामात पोचला. निरोप आला, 'आपलं पार्सल आलं आहे. वजन सहा किलो.'

पंधरा ग्रॅमची कडी अटलांटिक बघायच्या आधीच सहा किलोची कशी झाली, याचं उत्तर घनफळात आहे. विमानात वजनाची मर्यादा भरायच्या आधी जागाच संपते. म्हणून कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात, त्याला ५००० नं भागतात आणि येईल तो आकडा किलो धरतात; हे वजन आणि काट्यावरचं वजन यांत जे जास्त असेल त्याचे पैसे. माझी कडी दुकानदारानं चाळीस बाय तीस बाय पंचवीसच्या खोक्यात घातली होती. गुणाकार तीस हजार, भागिले पाच हजार, सहा किलो. म्हणजे माल पंधरा ग्रॅम आणि उरलेली पाच किलो नऊशे पंच्याऐंशी ग्रॅम हवा. डेलावेरची हवा चांगली असेलही. पण मोहाडीत दुसऱ्या कशाचाही तुटवडा असला तरी हवा मुबलक आहे, ती विमानानं मागवायची गरज नाही.

मी चॅटवर तक्रार केली. पलीकडून एका गोड नावाच्या बाईंनी उत्तर दिलं. बाई बहुधा नसाव्यातच, कारण मी मराठीत उसासा टाईप केला त्यालाही त्यांनी 'आपल्या संयमाबद्दल आभार' असं उत्तर दिलं. त्यांच्याकडून कळलं की खोकं लहान करता येतं. त्याला रिपॅकिंग म्हणतात आणि त्याचे पैसे पडतात. आत काय आहे याचा फोटो हवा तर त्याचे पैसे पडतात. विचार करायला वेळ घेतला आणि माल फळीवर फार राहिला तर त्याचं भाडं पडतं. 'कशाचे पैसे पडत नाहीत?' असं विचारल्यावर त्यांनी कन्सॉलिडेशनचं नाव काढलं. आणखी चार वस्तू मागवा, सगळ्या एका खोक्यात घालून पाठवू, म्हणजे प्रत्येक वस्तूमागं खर्च कमी.

या सल्ल्यानं भले भले बुडाले आहेत. सहा किलोचे पैसे भरतोच आहोत तर सहा किलो माल तरी मागवावा, हा विचार घरात एकदा शिरला की बाहेर पडत नाही. सौभाग्यवतींना एक तवा आठवला. मुलाला पॉवर बँक आठवली. गल्लीतल्या काकांपर्यंत बातमी गेली आणि ते संध्याकाळी येऊन म्हणाले, "तुमचा डबा येतेच आहे, तर माझ्या गुडघ्याले लावाचा तो स्प्रे पाहून घ्या जी." एकानं ड्रोनची चौकशी केली, तर ड्रोनच्या आयातीवर सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्येच बंदी घातली आहे. पॉवर बँकेत लिथियमची बॅटरी, तिला विमानाची भीती. स्प्रे दाबाखालचा, त्याला विमानाची त्याहून जास्त भीती. शेवटी पाठवण्यालायक उरला तो तवा. पण तव्याला काट्यावर खरंखुरं वजन असतं, आणि भंडाऱ्याच्या बाजारात तो तसाच मिळतो. सगळी यादी रद्द करून मी निमूटपणे रिपॅकिंगचे पैसे भरले. कडी लिफाफ्यात बसली. ती दुकानदारानं पहिल्यापासून लिफाफ्यातच घातली असती तर मधल्या दोन-तीन कंपन्यांच्या उत्पन्नाचं काय झालं असतं, हा विचार मात्र करण्यासारखा आहे.

पुढचा मुक्काम कस्टम्स. आता आपली ओळख पटवावी लागते. आधार कार्डावर माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं रीतसर तीन मजली आहे. फॉर्मवर पहिलं आणि शेवटचं असे दोनच मजले. त्यात फॉरवर्डिंगवाल्यांनी आडनावाला सूटचा नंबर चिकटवून टाकला होता. कुरिअरच्या केवायसीवाल्यानं विचारलं, "पार्सलवर नावापुढे आकडा आहे, आधारवर का नाही?" माझ्या आईवडिलांनी बारशाला आकडा ठेवला नाही, याचा लेखी खुलासा मला द्यावा लागला. मग वस्तूचं वर्णन. गोदामातल्या कुणीतरी 'आयकप' एवढंच लिहून ठेवलं होतं. डोळे धुवायच्या वाटीलाही हेच नाव असल्यामुळे प्रश्न आला की हे वैद्यकीय उपकरण आहे काय, आणि असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी आहे काय. मी दुर्बिणीचा फोटो पाठवला. त्यावर, मग दुर्बीण कुठे आहे, अशी विचारणा झाली.

शुल्काचं गणित तर पाचवी स्कॉलरशिपच्या पोरांना घालावं इतकं सुरेख आहे. स्वतःच्या वापरासाठी मागवलेल्या मालाला शुल्क दरपत्रकात ९८०४ नंबरचं वेगळं शीर्षक आहे. काही वर्षं तिथं मूळ शुल्क होतं ३५ टक्के. त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे साडेतीन. झाले साडेअडतीस. आता शंभराचा माल झाला १३८.५० चा, त्या सगळ्यावर २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे ३८.७८. एकूण ७७.२८ टक्के. शंभर रुपयांची हौस असेल तर सरकारला सव्वासत्त्याहत्तर रुपये, करावरच्या करासकट. पुढच्या अर्थसंकल्पांनी मूळ शुल्क खाली आणलं, त्याबद्दल आम्ही हौशी मंडळी अर्थमंत्र्यांचे आभारी आहोत. पण खरी मेख वेगळीच आहे. शुल्क नुसत्या मालाच्या किमतीवर लागत नाही. वाहतूक आणि विमा त्यात मिळवतात. म्हणजे खोक्यातल्या हवेचं विमानभाडं आधी भरायचं आणि मग त्या भाड्यावर शुल्क भरायचं. विमानानं आलेल्या मालाच्या बाबतीत हे भाडं किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त धरू नये, असा नियमात आडोसा आहे. हवेवरच्या कराला हद्द घालणारा तो अधिकारी कोण होता कुणास ठाऊक. पण त्याच्या घरी कधीतरी मोठ्या खोक्यात लहान वस्तू आली असणार.

कुणी म्हणेल, परदेशातल्या नातेवाइकाच्या नावानं 'भेट' म्हणून मागवायचं. ती वाट पूर्वी होती. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूला शुल्क माफ असे. मग चिनी ॲपवाल्यांनी मोबाइलच्या कव्हरपासून पोरींच्या फ्रॉकपर्यंत जे ते 'भेट' म्हणून पाठवायचा सपाटा लावला. अख्खा चीन भारताला एवढ्या भेटी का देतो, हा प्रश्न सरकारला पडला आणि १२ डिसेंबर २०१९ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयानं अधिसूचना काढून शुल्कमाफीच्या भेटींचा दरवाजाच बंद केला. अपवाद दोनच ठेवले: जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखीपुढे कंसात खुलासाही केला, की राखी चालेल, राखीसोबतची भेटवस्तू चालणार नाही. पुढे असंही स्पष्ट केलं की राखीवरचं शुल्क शंभर रुपयांपर्यंत होत असेल तर तेही घेतलं जाणार नाही. सरकार भावाबहिणीच्या नात्याच्या आड येत नाही. धागा येऊ द्या, चॉकलेटचा हिशेब द्या. मला परदेशात बहीण नाही आणि असती तरी रबरी कडी मनगटाला बांधता येत नाही, म्हणून मी शुल्क भरलं. त्यावर कुरिअरनं 'आम्ही आपल्या वतीनं शुल्क भरल्याची' फी लावली, आणि त्या फीवर जीएसटी.

इथून ट्रॅकिंगचा खेळ सुरू होतो. ट्रॅकिंगमुळे माणसाला माल मिळत नाही, भूगोल मिळतो. माझी कडी जर्मनीत उतरली, आखातात थांबली, मुंबईला येऊन बसली. एके दिवशी ती मागं जर्मनीत दिसली. ती चूक असल्याचं कळेपर्यंत माझं जेवणावरून लक्ष उडालं होतं. शेवटी 'नागपूर' उमटलं आणि जीव भांड्यात पडला. नागपूर ते मोहाडी अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटर. पण नागपूरहून ती गेली भलतीकडेच, कारण तिला आधी कुठल्याशा 'हब'मध्ये जायचं होतं.

नागपूरच्या माणसाला हब शिकवायला येणाऱ्यांनी थोडा इतिहास वाचावा. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर गोळा होत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत परतत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. सगळा माल रात्री एका मध्यावर आणायचा आणि तिथून चहूकडे पांगवायचा, हीच युक्ती फेडेक्सनं मेम्फिसमध्ये लढवली आणि जगानं तोंडात बोट घातलं, साल १९७३. नागपूरला ती तोवर जुनी झाली होती. आणि आज नागपूरच्या डोक्यावरून उडून गेलेलं पार्सल परत नागपूरला यायला तीन राज्यं फिरतं.

शेवटचा टप्पा सगळ्यात लांब. मी ओसरीवर बसलेलो असताना मोबाइलवर संदेश आला, 'डिलिव्हरीचा प्रयत्न केला. ग्राहक घरी नव्हता.' मी उठून घरात पाहिलं. ग्राहक घरातही होता आणि ओसरीवरही होता. फोन लावला. पलीकडचा पोरगा मनानं फार चांगला.

"सर जी, मी भंडाऱ्यातून बोलतो. मोहाडी आपल्या रूटमधी नाही. तुमीच या ना, जवळच तर आहे."

"जवळ आहे तर तूच ये ना बाबा."

"नाही जी, आमाले दूर पडते."

भंडाऱ्याहून मोहाडी दूर आणि मोहाडीहून भंडारा जवळ, हा शोध कुरिअर धंद्यातल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे लागलेला आहे. मी एसटीनं जाऊन कडी आणली. ती बसली, उत्तम बसली, तक्रारीला जागा नाही. फक्त बारा डॉलरची ती कडी हातात पडली तेव्हा तिची किंमत दुर्बिणीच्या मूळ किमतीशेजारी जाऊन बसली होती. सौभाग्यवतींनी पावत्या बघितल्या आणि सायकलच्या ट्यूबचं नावही काढलं नाही. त्याचा त्रास जास्त झाला.

खरं तर फॉरवर्डिंग आमच्याकडे नवीन नाही. इथंच पाठवलेल्या मालाला 'आपल्या पिनकोडवर सेवा उपलब्ध नाही' असं उत्तर येतं तेव्हा मोहाडीचा माणूस नागपूरच्या मेव्हण्याचा पत्ता देतो. मेव्हणा खोकं घेतो, चार दिवस सोफ्यावर ठेवतो, फोडून बघतो आणि मोहाडीकडे येणाऱ्या पहिल्या माणसाच्या हाती देतो. त्यापायी त्याचं ऐकून घ्यावं लागतं, पण त्या ऐकून घेण्यावर जीएसटी नाही. न्यू जर्सीतला भाचा हिवाळ्यात येतो तेव्हा त्याच्या तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगांवर चार घरांचा हक्क असतो. तो कुरकुरतो, 'मामा, मी माणूस म्हणून येतो की कुरिअर म्हणून?' असं विचारतो, आणि तरी आणतो. जाताना त्याच बॅगांत चिवडा, मोहाडीजवळच्या आंधळगावचं कोशाचं उपरणं आणि देवीचा प्रसाद जातो.

या माणसांची खरी किंमत २०२५ मध्ये कळली. अमेरिकेनं आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी ऑगस्टअखेर काढून घेतली. शुल्क गोळा कोण करणार आणि कसं, याचा पत्ता विमान कंपन्यांनाही लागेना, तेव्हा आपल्या डाक विभागानं २५ ऑगस्टपासून अमेरिकेच्या पार्सलांचं बुकिंग थांबवलं. पुढं काही दिवसांत पत्रंही थांबली. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळी उंबऱ्यावर आल्यावर. महाराष्ट्रातल्या घराघरांत फराळाचे डबे भरून तयार आणि त्यांना वाट नाही. त्या काळात अमेरिकेला निघालेल्या प्रत्येक ओळखीच्या, अर्धवट ओळखीच्या आणि अनोळखी माणसाच्या दारात लोक चकल्या घेऊन उभे राहिले, आणि त्या माणसांनी त्या नेल्यासुद्धा.

कंपनी आणि मेव्हणा यांच्यातला फरक इथं आहे. मेव्हण्याच्या हातून वस्तू हरवली तर लग्नाकार्यात लोक त्याला त्याबद्दल विचारतात, आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. फॉरवर्डिंगच्या साखळीत दुकानदार, गोदाम, विमान, कस्टम्सचा दलाल, हब आणि भंडाऱ्याचा तो चांगला पोरगा असे सगळे आहेत. पार्सल प्रत्येकजण पुढं ढकलतो आणि जबाबदारी मागच्याकडे. त्यांनी आपल्याला विकलेली वस्तू म्हणजे पत्ता. आपल्याला हवा असतो तो पत्ता नव्हे, 'माझ्याकडे आहे, काळजी करू नका' असं सांगणारा माणूस.

तरीही ज्यांना मागवायचंच आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून थांबतो. दुकानदाराला ऑर्डरसोबतच लिहा की लिफाफ्यात पाठवा, खोक्यात नको; सगळ्यात जास्त पैसे तिथं वाचतात. पत्त्याच्या पहिल्या ओळीत मोबाइल नंबर घाला, कारण कडुनिंब बाहेर राहिला तरी नंबर आत राहील. नाव आधारवर आहे तसंच, तिन्ही मजल्यांसकट लिहा. वस्तूच्या किमतीपुढे भाडं, शुल्क आणि शुल्क भरल्याची फी मांडून बेरीज करा, आणि बेरीज झाल्यावर एक रात्र झोपा. सकाळीही ती वस्तू हवी असेल तर आधी नात्यातलं कुणी तिकडून येणार आहे का ते विचारा. तो नाही म्हणाला, तरी तोंडावर म्हणेल. आणि नाही म्हणायची फी घेणार नाही.